साडेआठ हजारांची वायर

गेल्या दिवाळीत मी साडेआठ हजार रुपयांची एक वायर विकत घेतली. लांबी दीड मीटर. दोन्ही टोकांना सोन्याचा मुलामा, वरून जांभळी जाळी, आणि ठेवायला दागिन्यांच्या डबीसारखा खोका. ती लावल्यावर आमच्या घरातला आवाज बदलला. म्हणजे खरंच बदलला हो! मी स्वतःच्या कानांनी ऐकला, बाबांनीही ऐकला. तानपुरा मोकळा झाला, तबल्याचा बायाँ जास्त गोल वाटायला लागला, वगैरे वगैरे.

पंधरा दिवसांनी मला कळलं, की त्या वायरीतून आलेला एक सूरही आम्ही तोवर ऐकलेला नव्हता.

हे लिहायला जरा जड जातंय, कारण माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची पदवी आहे (पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर करत असलो तरी). पण महिन्याभरात ऑफिसातल्या तिघांनी विचारलं, "टीव्हीला स्पीकर जोडायचेत, कुठली केबल घेऊ?" तिघांनाही मी अर्धवट उत्तर दिलं, कारण पूर्ण उत्तरात माझी फजिती येते. तर आज शनिवार आहे, चहा झालाय, एकदाचं सांगूनच टाकतो.

आधी घरची परिस्थिती. बाबा बँकेतून रिटायर झाले. 'रिटायर झाल्यावर घेऊ' म्हणून आयुष्यभर मागे ठेवलेली त्यांची एकच गोष्ट होती, चांगली म्युझिक सिस्टीम. तरुणपणी सवाई गंधर्वला रात्र रात्र बसलेला माणूस हा. घरात तीनेकशे सीड्या, त्यात निम्मे कुमारजी आणि मन्सूर. तर आम्ही एक सीडी प्लेअर, एक डॅक (म्हणजे सीडीवरच्या आकड्यांची परत विजेची लाट बनवणारी डबी), एक अँप्लिफायर आणि दोन स्पीकर घेतले. प्लेअरपासून डॅकपर्यंत जी वायर जाते ती डिजिटल. सीडी प्लेअरबरोबर एक साधी ऑप्टिकल वायर फुकट मिळाली होती.

बिल करताना दुकानदार म्हणाला, "साहेब, एवढं सगळं घेतलंत आणि वायर फुकटातली लावणार?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग. इंजिनिअर तू आहेस."

मला उत्तर माहीत होतं. थर्ड इयरला डिजिटल कम्युनिकेशनच्या पेपरात ते लिहून मार्क घेतले होते. पण बाबा आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी खर्च करत होते, आणि तिथे उभं राहून 'नको, फुकटातली चालेल' म्हणणं मला कद्रूपणाचं वाटलं. शिवाय मनाच्या कोपऱ्यात होतंच... समजा फरक पडत असला तर? म्हटलं, "घेऊया."

घरी येऊन नवी वायर कोॲक्शियलच्या भोकात खोचली. जुनी ऑप्टिकल काढायचा कंटाळा केला, ती मागे तशीच लटकत राहिली. मग आम्ही दोघं तास-दीड तास ऐकत बसलो, आणि तो तानपुऱ्याचा साक्षात्कार झाला.

पंधरा दिवसांनी टीव्हीचा आवाज या सिस्टीमवर आणायचं ठरलं. ऑप्टिकल वायर मोकळीच आहे, तीच टीव्हीला लावू, म्हणून मी ती सीडी प्लेअरच्या मागून उपटली. आणि गाणं थांबलं.

डॅकवर कुठली वायर ऐकायची ते निवडायचं बटण असतं. ते पहिल्या दिवसापासून ऑप्टिकलवरच होतं. बाबा दूध आणायला गेले होते हे माझं नशीब. मी बटण कोॲक्शियलवर केलं, साडेआठ हजारांची वायर आयुष्यात पहिल्यांदा कामाला लागली, आणि आवाज... जसाच्या तसा.

आता तुम्ही म्हणाल, फसलास, मूर्ख आहेस. मान्य. पण आम्ही दोघंही का फसलो याचं कारण मूर्खपणापेक्षा जुनं आहे.

बाबांची पिढी अॅनालॉगमध्ये वाढली. कॅसेट डेकचं हेड स्पिरिट आणि कापसाने पुसलं की आवाज उजळायचा. पिन झिजली की रेकॉर्ड खरखरायची. कॅसेटवरून कॅसेट कॉपी केली की प्रत्येक कॉपी आधीपेक्षा थोडी मंद. म्हणजे वाटेतली प्रत्येक वस्तू आवाजात आपलं थोडंसं मिसळत होती, आणि चांगली वस्तू घेतली की थोडं अधिक चांगलं ऐकू येत होतं. त्या जगात 'चांगली वायर, चांगला आवाज' हे अनुभवाने आलेलं शहाणपण होतं. दुकानदार त्याच शहाणपणाचा पत्ता वापरून वेगळ्याच घरी जातो.

कारण डिजिटल वायरीतून आवाज जातच नाही. जातात ते आकडे. सीडीत दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची मोजणी केलेली असते, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंची, प्रत्येक मोजणी १६ बिटांची. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट. सोनी आणि फिलिप्सने ठरवलेल्या एस/पीडिफ पद्धतीत त्यावर थोडी इतर माहिती चढते आणि वायरीतून सेकंदाला सुमारे २८ लाख बिट जातात. ऐकायला खूप वाटतं, पण तुमच्या घरचं वाय-फाय याच्या कित्येक पट वाहतूक भिंतीपलीकडून, वायरीशिवाय करतं.

पलीकडच्या टोकाला एकच प्रश्न असतो, हा शून्य आहे की एक? कोॲक्शियलमध्ये साधारण अर्ध्या व्होल्टची लाट वरखाली होते, ऑप्टिकलमध्ये लाल दिवा लुकलुकतो. लाट जरा वाकडी आली, दिवा जरा मंद दिसला, तरी एक तो एकच. जोवर ओळख पटते तोवर आकडा पूर्ण बरोबर, आणि ओळख पटेनाशी झाली की मग टक-टक आवाज, मध्येच तुटणं, किंवा पूर्ण शांतता. वायरीने 'बेस' थोडा कमी करायचा, किंवा गायकाचा आवाज थोडा 'उबदार' करायचा, तर तिला त्या लाखो बिटांमधले नेमके योग्य आकडे शोधून नेमके तेवढेच बदलावे लागतील. एवढी हुशार वायर मिळाली तर मी तिला आमच्या टीममध्ये घेईन :-)

याचा एक पुरावा बऱ्याच घरांत पडलेला आहे. जुन्या डीव्हीडीवरचा पाच स्पीकरांचा डॉल्बी किंवा डीटीएस आवाज याच वायरीतून, पण दाबून बांधलेल्या गाठोड्याच्या रूपात जातो. त्या गाठोड्यातले बिट वाटेत बदलत राहिले तर गाठोडं नीट सुटत नाही, आवाज 'थोडा कमी गोड' येत नाही, तो तुटतो किंवा बंद पडतो. आणि अगदी साध्या वायरीवर तो व्यवस्थित सुटत आलाय, वर्षानुवर्षं.

तरी माझं समाधान होईना (एकदा कानांनी फसवलं की माणूस संशयी होतो). ऑफिसातला एक मित्र घरी रेकॉर्डिंग करतो, त्याच्या साउंड कार्डाला कोॲक्शियल आत आणि बाहेर दोन्ही आहे. दहा मिनिटांची एक फाईल वाजवून तीच परत आत रेकॉर्ड केली. एकदा साडेआठ हजारांच्या वायरीतून, एकदा त्याच्या माळ्यावरच्या डीव्हीडी प्लेअरच्या पिवळ्या व्हिडिओ वायरीतून. दोन्ही टोकांची शांतता कापून फाईली मूळ फाईलशी ताडून पाहिल्या. ५,२९,२०,००० मोजण्या. फरक किती? दोन्ही वेळा शून्य. एकही बिट इकडचा तिकडे नाही.

पिवळी वायर का चालली, तर व्हिडिओची वायर ७५ ओहमची बनवतात आणि कोॲक्शियल डिजिटललाही ७५ ओहमचीच लागते. डिश अँटेनाची काळी जाड वायरही ७५ ओहमचीच. योग्य पिना लावल्या की तीही चालेल.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण महाग वायरवाल्यांचं सगळंच म्हणणं खोटं नाही. एस/पीडिफमध्ये चुकलेला बिट पुन्हा मागवायची सोय नाही. आपण इंटरनेटवरून फाईल उतरवतो तेव्हा हरवलेला तुकडा परत मागवला जातो, इथे गेलं ते गेलं. दुसरं म्हणजे, आकड्यांबरोबर त्यांची लयही त्याच वायरीतून जाते. कुठला आकडा नेमका कधी वाजवायचा हे डॅकला येणाऱ्या लाटेवरूनच ओळखावं लागतं. ती लय डगमगली तर त्याला जिटर म्हणतात, आणि तो मोजता येतो, खरा आहे. पण तो आवरायचं काम डॅकच्या आतल्या सर्किटचं. बरेच आजचे डॅक आलेले आकडे थोडे साठवून स्वतःच्या घड्याळावर वाजवतात. कॉम्प्युटरवरून यूएसबीने जोडलात आणि डॅक 'असिंक्रोनस' प्रकारचा असला, तर घड्याळ डॅकचंच चालतं, कॉम्प्युटर फक्त त्याने मागितले की आकडे देतो. म्हणजे लयीची काळजी असेल तर पैसे डॅकवर घाला. जांभळ्या जाळीवर नको.

मग काय, कुठलीही वायर घ्या, सगळं सारखंच? नाही. इथेच ऑफिसातल्या तिघांना मी अर्धवट उत्तर दिलं. किंमत महत्त्वाची नाही, पण *कुठल्या प्रकारची जोडणी* हे फार महत्त्वाचं आहे. कारण प्रत्येक जोडणी वेगळं ओझं उचलते आणि वेगळा त्रास टाळते.

टीव्हीचंच घ्या. मी आधी टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून अँप्लिफायरला वायर टाकली होती, तर स्पीकरमधून सतत 'हम्म्म' असा घुमारा. याचं कारण अर्थिंग. टीव्हीला लागलेल्या केबलवाल्याच्या वायरीतून एक अर्थ, अँप्लिफायरच्या तीन पिनांतून दुसरा, आणि दोघांमध्ये आमची वायर पूल बनून बसलेली. ऑप्टिकलमध्ये तांबंच नाही, प्लास्टिकची तार आणि प्रकाश. ती लावताक्षणी घुमारा गायब! साडेआठ हजारांनी जे केलं नाही ते फुकट मिळालेल्या वायरीने केलं. घरात घुमारा असेल तर आधी ऑप्टिकल करून बघा.

पण ऑप्टिकलच्या मर्यादा आहेत. तोशिबाने १९८३ साली आणलेली ही जोडणी स्टिरिओ किंवा साधा डॉल्बी आणि डीटीएस एवढंच नेते. टीव्हीवरचा अॅटमॉस हवा असेल, सोबत साउंडबार किंवा रिसीव्हर असेल, तर एचडीएमआयचा आर्क घ्या (२००९ पासूनचा, दाबलेला अॅटमॉस नेतो) किंवा ई-आर्क (२०१७ च्या आवृत्तीतला, न दाबलेला बहुस्पीकर आवाजही नेतो). टीव्हीवर ज्या भोकाशेजारी 'आर्क' लिहिलंय त्याच भोकात वायर लावायची, बाकीच्यांत नाही. यात टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो, आणि आईच्या मते हा एकच खरा फायदा आहे.

ऑप्टिकल लावूनही आवाज येत नसेल तर वायर बदलू नका. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज 'पीसीएम' करा. दोन स्पीकरच्या डॅकला डॉल्बीचं गाठोडं सोडवता येत नाही, म्हणून तो मुका बसतो. आणि हो, नव्या ऑप्टिकल वायरीच्या टोकावर छोटी पारदर्शक टोपी असते, ती काढा. (हे मला कसं माहीत ते विचारू नका.) ती वायर काटकोनात मुडपू नका, आणि पाच मीटरच्या पुढे नेऊ नका.

सीडी प्लेअर ते डॅक? कोॲक्शियल किंवा ऑप्टिकल, जे भोक मोकळं असेल ते. कोॲक्शियलला ७५ ओहम लिहिलेली कुठलीही मजबूत वायर. आमच्याकडे आता ऑप्टिकल टीव्हीला आणि कोॲक्शियल सीडीला, म्हणजे दोन्ही लागल्या. फक्त दुसरी दोन-तीनशे रुपयांची चालली असती.

स्पीकरची वायर मात्र अॅनालॉग आहे, तिथे तांब्याला अर्थ आहे. पण तिथेही गणित साधं. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, पाच मीटर जाऊन पाच मीटर परत, म्हणजे जेमतेम ०.१२ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरसमोर हे काहीच नाही. अशी वायर तपकीर गल्लीत मीटरवर मिळते.

आता राहिला प्रश्न बाबांना सांगायचा. मी महिनाभर सांगितलं नाही. कोणी घरी आलं की बाबा मागची जांभळी वायर दाखवायचे आणि "फरक आहे बरं का" म्हणायचे, आणि मी पाणी प्यायला उठायचो. पैसे गेले त्याचं काही वाटत नव्हतं. 'तू सांग, इंजिनिअर तू आहेस' या वाक्याला मी दिलेलं उत्तर खोटं होतं, ते टोचत होतं. एवढी वर्षं फी भरून शिकवल्यावर त्यांनी माझ्या शिक्षणाचा जो काही उपयोग करून घ्यायचा प्रयत्न केला, तो तो एकच होता. आणि त्याच वेळी मी इंजिनिअर न राहता गिऱ्हाईक झालो.

शेवटी एका रविवारी सगळं सांगितलं. बाबा गप्प. मग म्हणाले, "पण मला फरक ऐकू आला होता."

"मलाही आला होता बाबा. म्हणून तर म्हणतो, तपासून बघू."

मग ऑप्टिकल परत सीडी प्लेअरला लावली, म्हणजे दोन्ही वायरींतून एकच गाणं. आम्ही दोघं डॅककडे पाठ करून बसलो. आईने नाणं उडवायचं, छापा आला तर कोॲक्शियल, काटा आला तर ऑप्टिकल, आणि दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवायचं. बारा फेऱ्या. बाबांचे पाच बरोबर, माझे सात. नुसतं नाणं उडवून सहाच्या आसपास आले असते.

बाबा हसले. बँकेतला माणूस, आकडे समोर आले की वाद घालत नाही. पण त्यांचा एक प्रश्न राहिला होता. "मग त्या दिवशी तानपुरा तसा का लागला?"

"कारण त्या दिवशी तुम्ही दोघं दीड तास गप्प बसून ऐकत होतात," आई वही बंद करत म्हणाली. "एरवी एक पेपर वाचतो आणि दुसरा मोबाइल."

यावर माझ्याकडे काही तांत्रिक उत्तर नाही.

त्याच दुपारी आम्ही दोन गोष्टी केल्या. स्पीकर काचेच्या शोकेसमध्ये कोंबलेले होते, ते बाहेर काढून भिंतीपासून दोन फूट पुढे, कानाच्या उंचीला, स्टुलांवर ठेवले. आणि समोरच्या उघड्या फरशीवर जुनी सतरंजी टाकली. खर्च शून्य. गाणं सुरू झालं तेव्हा बाबा स्वयंपाकघरात होते. तिथून त्यांचा आवाज आला, "काय केलंस रे? एकदम मोकळं वाटतंय!" नाणं नाही, वही नाही. खरा फरक हा असा, दुसऱ्या खोलीतून, न सांगता कळतो.

तर माझं मत एवढंच. डिजिटल जोडणी निवडताना तीन प्रश्न विचारा. दोन्ही बाजूंना कुठली भोकं आहेत? मला स्टिरिओ पुरे की अॅटमॉस हवा? घुमारा आहे का? एवढ्यावर जोडणी ठरते. मग त्या प्रकारातली साधी, मजबूत, नीट बसणारी वायर घ्या, आणि उरलेले पैसे स्पीकरवर, किंवा नव्या सीड्यांवर, किंवा सवाईच्या तिकिटांवर घाला. आणि तरीही कोणी म्हणालं 'मला फरक ऐकू येतो', तर हसू नका. त्याला खरंच ऐकू येत असतो, मलाही आला होता. फक्त पाठ करून बसायला सांगा आणि एक नाणं द्या.

जांभळी वायर अजून तिथेच आहे, दुकानात परत घेतली नाही. बाबा पाहुण्यांना अजूनही दाखवतात. आता म्हणतात, "ही साडेआठ हजारांची. काहीही फरक नाही बरं का."